वऱ्हाड येण्याआधीचा भात

तातेराव आचाऱ्याच्या हातची बट्टी खाल्ली नाही असा माणूस सेनगाव तालुक्यात शोधायचा, तर नुकताच बदली होऊन आलेला तलाठीच शोधावा लागला असता. लग्न असो, तेरवी असो, सप्त्याचा भंडारा असो, पाचशे पानांच्या वरचं काम निघालं की लोक आधी उंबरदऱ्याला तातेरावाच्या दारात येत आणि मग तारीख धरत. "तारीख बामनाला इचारायची का आचाऱ्याला?" असं कुणी थट्टेनं म्हटलं की तातेराव म्हणे, "बामन चुकला तर वीस वर्सांनी कळतं. म्या चुकलो तर पंगत उठायच्या आत कळतं."

बोलायला असा मोकळा असला तरी चुलीपाशी तो महाकडक होता. वरण किती वेळ निखाऱ्यावर ठेवायचं, बट्टी गोवरीच्या आरात कधी टाकायची, कधी चिरून तळायची, याचे त्याचे नेम ठरलेले होते. त्यात एक नेम सगळ्यांत पक्का. वऱ्हाड मांडवात पाय ठेवीपर्यंत भाताचं आधण चुलीवर चढवायचं नाही. नवरीचे मामे, काके, आत्या येऊन हातापाया पडत, "आवो, वऱ्हाड उपाशी ऱ्हाईल." तातेराव जाळाकडे बघत सांगे, "वरन थांबतं, भाजी थांबते, भात थांबत न्हाई." बापानं त्याला हे शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. का थांबत नाही हे तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. नेमाला कारण लागत नाही, नेम पाळायला माणूस लागतो.

भांडी असत नासेरची. सेनगावात बसस्टँडच्या मागं नासेरचं भांड्यांचं दुकान होतं. पितळी डेगी, पराती, कढया, झारे तो भाड्यानं देई आणि भांड्यांना कल्हई स्वतःच्या हातानं करी. आंबट वरण कल्हई गेलेल्या पितळेत शिजलं की कळकतं आणि माणसं ओकतात, हे आपल्याकडं लेकरालाही माहीत असतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी तातेराव प्रत्येक डेगीत हात घालून तळवा गोल फिरवी आणि म्हणे, "बराबर." त्याच्या त्या एका शब्दावर नासेरचं दुकान चालायचं. वीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं, पण डेगीवरून दोघांचा शब्दानं शब्द वाढला नाही.

शहाण्णव साली तातेरावाला ते दुखणं लागलं. आधी वाटलं मोडशी, मग वाटलं आव. रक्त दिसायला लागल्यावर त्यानं स्वतःच ठरवून टाकलं की ही मूळव्याध, आणि दोन महिने सुरण खाल्ला. दुखणं काही सुरणाला भ्यायलं नाही. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा पोटात पिळवटून येई आणि टमरेल उचलून पळावं लागे. गावात तेव्हा संडास एकट्या सरपंचाच्या घरी, आणि त्यातही कडबा भरलेला. बाकी गाव टमरेल घेऊन रानात. माणूस दिवसातून एकदा दिसला तर कुणी बघत नाही, चौथ्यांदा दिसला की पारावरचे म्हातारे मोजायला लागतात. म्हणून तातेरावानं वाटा वाटून घेतल्या. एकदा ओढ्याकडं, एकदा शाळेमागं, एकदा म्हसोबाच्या माळाकडं. एका बाजूच्या लोकांनी त्याला दुसऱ्यांदा बघू नये, असा त्याचा हिशोब.

लाज दुखण्याची नव्हती, धंद्याची होती. हगवण लागलेल्या आचाऱ्याच्या हातचं कोण खाणार? आपल्या पोटातली ही घाण आपल्या हातातून लोकांच्या पानात उतरते आहे, असं त्याला रात्रंदिवस वाटे. तो राखेनं हात घासू लागला, एकदा, दोनदा, तीनदा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. बायकोला, पंचफुलाबाईला, धुणं धुताना सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भाईर नाव काढू नका." त्यानंही कुठं काढलं नाही.

कामाच्या आदल्या दिवसापासून तो जेवायचं सोडून देई, पोट रिकामं राहिलं तर पळावं लागणार नाही या आशेनं. झालं भलतंच. लोक म्हणू लागले, तातेराव आचारी उपास धरून रांधतो, अन्नाला देव मानतो, असा निष्ठेचा माणूस आता सापडायचा नाही. एका महाराजांनी तर कीर्तनात त्याचं उदाहरण दिलं. तो त्या वेळी खाली मान घालून बसला होता, आणि लोकांना वाटलं केवढा हा विनय. भीतीला लोक भक्ती समजतात तेव्हा माणसानं काय करावं, हे कुठल्या पोथीत सांगितलेलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सेनगावच्या अमृतरावांच्या मुलीचं, शिवकन्याचं लग्न निघालं. आठशे पानं होती. वऱ्हाड रिसोडकडून येणार होतं आणि मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा होता. तातेराव आदल्या संध्याकाळीच पोचला. नासेरनं डेगी उतरवल्या, तातेरावानं प्रत्येकीत तळवा फिरवला आणि म्हणाला, "बराबर." सकाळपर्यंत त्याच्या पोटानं असा उच्छाद मांडला, की लाकडं बघून येतो, पाणी बघून येतो, गोवऱ्या बघून येतो, अशी सगळी कारणं संपली. नऊ वाजता त्याच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. दुपारी वऱ्हाड आल्यावर भाताच्या चुलीपुढं आपण उभे राहू की आडवे पडू, याची त्याला खात्री वाटेना. आडवे पडलो तर लोक उचलतील, डॉक्टर आणतील, धोतर बघतील, सगळं उघडं होईल.

त्यानं आधण ठेवलं. भाताचं, नऊ वाजता.

हाताखालच्या बाईनं, जनकाबाईनं विचारलं, "काहून वो, आज आत्ताच?" तो तिच्यावर असा खेकसला की तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. पोतंभर तांदूळ शिजला. तो ताडपत्रीवर ढीग करून ओतला, वरून ओलं फडकं आणि त्यावर दुसरी ताडपत्री टाकून झाकला. मग तातेराव लिंबाखाली टेकला. कुणी विचारलं की म्हणे, ऊन लागलंय.

वऱ्हाडाचा टेम्पो वाटेत बिघडला. बारा पस्तीस गेले, दोन गेले, साडेचारला बँड वाजला. पहिली पंगत बसली तेव्हा पाच वाजले होते. भात कोमट होता, वासही नव्हता, वर चिंचेचं वरण कढत पडलं. लोक पोटभर जेवले. दिवेलागण झाली नाही तोच पहिली माणसं मांडवामागं धावली. मग बायका, मग लेकरं. नवऱ्याची आत्या बेशुद्ध पडली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरून साठ-सत्तर माणसं ओळीनं निजवली आणि खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. मेलं कुणी नाही, ही देवाची कृपा.

तातेराव खांबाला टेकून हे बघत होता. त्याच्या डोक्यात भात आलाच नाही. त्याच्या डोळ्यांपुढं फक्त स्वतःचे हात होते, भेगाळलेले, राखेनं पांढरे पडलेले. ज्याची भीती होती तेच झालं, माझ्या पोटातलं आठशे पानांत गेलं, असं त्याचं मन त्याला सांगत होतं. तेवढ्यात अमृतराव पुढं आले. मागं निम्मं सेनगाव उभं होतं. ते रागानं बोलले नाहीत. रडवेल्या आवाजात म्हणाले, "तातेराव, काय झालं रं हे? तूच सांग, तुला कळतं."

तुला कळतं. त्या दोन शब्दांत वीस वर्षांचा मान होता आणि तातेरावाला तो सोडवेना. तो बोलून गेला, "वरन चिंचेचं व्हतं. भांडं कळकलं आसंल."

नासेर तिथंच उभा होता, डेगी न्यायला आलेला. त्यानं तातेरावाकडं पाहिलं, मग रिकाम्या डेगीत वाकून पाहिलं, आत हात घातला, अंगठ्यानं तळ घासला. मग तो डेगी गोळा करू लागला. बोलला असता, भांडला असता, आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या, तर पुढं तातेरावाला थोडं सोपं गेलं असतं.

नासेरला कुणी मारलं नाही की दुकान फोडलं नाही. आपली माणसं तशी भली. त्यांनी त्याची भांडी न्यायचं तेवढं सोडून दिलं. एका दुकानदारानं स्टीलच्या डेगी आणल्या आणि सगळे तिकडं वळले. दिवाळीनंतर नासेर आणि नजमा बिऱ्हाड गुंडाळून वसमतला निघाले, तिच्या भावाकडं. निघायच्या आदल्या दिवशी नासेर उंबरदऱ्याला आला. तातेरावाच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तातेराव, त्यातली एक डेग म्या सालभर ज्यादा वापरली व्हती. कल्हईला आली व्हती ती. तू माझ्यावर भरोसा करून बराबर म्हनलास. माझ्यापायी तुझ्या हाताला बट्टा लागला. माफ कर मला."

तातेराव म्हणाला, "जाऊ दे."

माणूस आयुष्यात कितीतरी वाईट बोलतो आणि विसरून जातो. हे दोन शब्द मात्र तातेरावाला त्याच्या दुखण्यासारखे चिकटले. शिव्या देऊन घेतलेला सूड एक वेळ परवडतो, पण ज्याचा गळा आपण कापला त्यालाच मोठ्या मनानं माफी देणं, याच्याइतकं हलकट काम दुसरं नाही, आणि ते त्यानं स्वतःच्या ओट्यावर, बायकोच्या देखत केलं होतं.

पुढची सात वर्षं तो रांधत राहिला, पण खालच्या मानेनं. हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, गावात संडासाचं अनुदान आलं आणि तातेरावानं सगळ्यांत आधी संडास बांधला. त्यावरूनही त्याचं कौतुक झालं. ग्रामसेवकानं नारळ दिला. नारळ घेताना त्याला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. दोन हजार पाच साली एका तेरवीच्या कामात तो चुलीपुढं खरंच आडवा पडला. रक्त इतकं गेलं होतं की ओठ पांढरेफटक झाले होते. पंचफुलाबाईनं या वेळी कुणाचं ऐकलं नाही. जीप केली आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं.

तिथं दुर्बीण घालून तपासलं. आतड्याला आतून व्रण पडले होते. गोळ्या सुरू झाल्या. वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टरीण होती, राजनंदिनी तिचं नाव. सगळे तिला मॅडम म्हणत. वयानं पंचविशीची असेल, पण पेशंटच्या खाटेवर टेकून बोलायची. ती याच दुखण्यावर प्रबंध लिहीत होती आणि तिला तातेरावाचं रक्त हवं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवून त्यातल्या एका जातीच्या पेशी मोजायच्या होत्या.

"कसल्या पेशी?" पंचफुलाबाईनं विचारलं. तिला वाटलं, रक्त काढून विकतात की काय.

मॅडमनी तिला समजावून सांगितलं. रोगजंतू शिरले की त्यांच्याशी लढायला रक्तात पेशी असतात. त्या लढल्या की आग होते, सूज येते, हे चांगलंच. पण आतड्यात आपलं अन्न असतं, आणि वर्षानुवर्षं आपल्यासोबत राहणारे निरुपद्रवी जंतूही असतात. त्यांच्यावर तुटून पडायचं नसतं. म्हणून दुसऱ्या काही पेशी असतात. त्या लढत नाहीत, त्या लढणाऱ्यांना आवरतात. पुरे झालं, हे आपलंच आहे, असं सांगतात. पुस्तकात त्यांना नियामक पेशी म्हणतात. "दहा वर्षांपूर्वी आमच्या पुस्तकात त्यांचं नावही नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "काकांच्या दुखण्यात या आवरणाऱ्या पेशी रक्तात कमी पडतात, की आतड्यात असूनही त्यांचं कुणी ऐकत नाही, ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून तर मोजायच्या."

तातेराव छताकडं बघत पडला होता. तो म्हणाला, "म्हंजे जाळ लावनारे हायेत, पर लाकूड मागं ओढनारा न्हाई."

मॅडम हसल्या. "बरोब्बर. मला प्रबंधात हे लिहिता आलं असतं तर सोपं झालं असतं."

लाकूड कधी ओढायचं ते कळण्यातच निम्मा स्वयंपाक असतो, हे तातेरावाला सांगायची गरज नव्हती. आपल्याच अंगात तो माणूस कमी पडावा, याचं त्याला नवल वाटलं. मग त्यानं नऊ वर्षं पोटात दाबून ठेवलेला प्रश्न विचारला. विचारताना त्यानं चादर तोंडापर्यंत ओढली होती. "मॅडम, म्या आचारी हाय. माझ्या हातून हे दुखनं लोकायला लागलं आसंल का? पानातून?"

"छे हो काका! हा लागट आजार नाही. हा जंतूंचा नाहीच, तुमच्याच पेशींचा आहे. तुम्ही भरवलंत म्हणून कुणाला होणार नाही. बायकोला झाला का इतक्या वर्षांत?"

तातेराव रडायला लागला. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. नऊ वर्षं राखेनं घासलेले हात त्यानं चादरीबाहेर काढून ठेवले आणि तो हुंदके देत हसतही होता. म्या न्हाई, म्या न्हाई केलं, असं तो पंचफुलाबाईला परत परत सांगत होता. मॅडमना काही कळेना, म्हणून त्यानंच सगळं सांगितलं. अमृतरावांची शिवकन्या, साठ-सत्तर माणसं, खिडकीला टांगलेल्या बाटल्या. भांड्याचं मात्र गाळलं.

पंचफुलाबाई भोळी बाई. तिनं सहज विचारलं, "मंग लोकायला झालं तरी कशानं?"

"काय काय होतं जेवणात?" मॅडमनी विचारलं. "किती वाजता शिजवलं, किती वाजता वाढलं?"

"आवो, भात तर त्या दिशी सकाळीच घातला व्हता तुमी," पंचफुलाबाई म्हणाली. "जनकाबाई सांगत व्हती मला, नऊ वाजताच शिजवून ताडपत्रीत ढीग झाकून ठेवला म्हनून. वऱ्हाड पाचाला जेवलं."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. शिजलेला भात, मे महिना, ढीग करून, झाकून, आठ तास. तांदळातच एक जंतू असतो, शिजवूनही मरत नाही, अशा उबेत वाढतो आणि विष सोडतो, वास येत नाही, वरून कितीही गरम ओतलं तरी ते विष जात नाही, आणि दोन-चार तासांत ओकाऱ्या. मॅडम हे पुस्तकातून वाचल्यासारखं सांगत होत्या. त्यांना ते पेशंटचं मन मोडायला सांगायचं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं.

तातेरावाचं हसू जागीच विरलं. भात थांबत नाही. बापाचा नेम, आजाचा नेम. दुखण्यानं काहीच केलं नव्हतं. दुखणं निर्दोष होतं. जे केलं ते त्यानं केलं होतं, शुद्धीवर असताना, नऊ वाजता, लाज झाकायला, आणि नंतर तीच लाज झाकायला नासेरला पुढं केलं होतं. नऊ वर्षं तो नको त्या गोष्टीची लाज बाळगत आला होता, आणि जिची बाळगायची ती तशीच पडून होती, शिळी.

नांदेडहून हिंगोलीची बस वसमतवरून जाते. घरी परतताना वसमतच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली आणि तातेरावानं खिडकीकडं पाठ केली. महिन्यानं तपासणीला गेला, येताना पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पंचफुलाबाई म्हणाली, "तुमी उतरता का म्या उतरू?" तो उतरला.

स्टँडच्या भिंतीला लागून एका टपरीत नासेर कुकरच्या शिट्ट्या आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत बसला होता. दाढी पांढरी झाली होती. तातेरावाला बघून त्याचा चेहरा फुलला, हे सगळ्यांत वाईट. "अरे, आचारी! ये ये," म्हणत त्यानं टपरी तशीच टाकून त्याला घरी नेलं. नजमाला चहा टाकायला सांगितला. तब्येत का अशी, म्हणून विचारत राहिला. तातेरावानं चहा यायच्या आत बोलून टाकलं. चहा पिऊन बोललो असतो तर त्याचं खाऊन त्याच्याशी पुन्हा एकदा बेइमानी झाली असती, असं त्याला वाटलं.

"नासेरभाई, तुझी डेग बराबर व्हती. भात म्या सकाळी घातला व्हता. मला हगवण लागली व्हती, ती झाकाया घातला. अन् इचारल्यावर तुझ्या भांड्याचं नाव घेतलं. मला ठाव व्हतं तुझी कल्हई बराबर हाय. म्याच तर हात फिरवला व्हता."

नासेर म्हणाला, "दुसरं कुनी म्हनलं आसतं तर म्या भांडलो आसतो. तू म्हनलास, म्हनून मानलं. मला वाटलं, तुझा हात चुकत न्हाई, माझंच चुकलं. म्या कल्हईला पुन्हा हात लावला न्हाई, तातेराव. कल्हईच्या नवसागराचा वास आला का म्या उठून जायचो. साठ मानसं दिसायची." मग त्यानं आतल्या दाराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाक मारली, "नजमा, बाहेर आ. अपनी कल्हई बराबर थी."

नजमा दारात आली. तिच्या हातात चहाचे कप होते. तिनं तातेरावाकडं पाहिलं आणि कप घेऊन ती तशीच आत गेली.

तातेराव नासेरच्या पायाकडं वाकला, तर नासेरनं पाय मागं घेतले. "माझ्या घरात सांगून काय फायदा? जिथं माझं नाव गेलं तिथं सांग. अमृतरावाच्या मांडवात सांग, चार मानसांत. अन् ते काय म्हनतात ते मला येऊन सांग. बराबर सांग."

आठ दिवसांनी तातेराव सेनगावला गेला. अमृतरावांच्या नातवाचं जावळ होतं. ओसरीवर पाहुणे बसले होते, त्यातले बरेच त्या लग्नात जेवलेले. शिवकन्याही माहेरी आली होती. तातेराव उंबऱ्यातच उभा राहिला आणि सगळं बोलला. हगवण, भात, नऊ वाजता, भांड्याचं खोटं. लोक आता उठतील, थुंकतील, चपला काढतील, याची त्यानं तयारी केली होती. खरं तर त्याला तेच हवं होतं.

अमृतरावांनी सुपारी कातरायची थांबवली. ते थकले होते, कानानं कमी ऐकत. "शिवकन्याच्या लग्नात?" ते म्हणाले. "व्हय, लोकायला ऊन लागलं व्हतं खरं."

"ऊन न्हाई अमृतराव, भात. अन् म्या नासेरवर घातलं."

"कोन नासेर?"

"भांडेवाला. कल्हईवाला. स्टँडमागं दुकान व्हतं."

अमृतरावांनी पाहुण्यांकडं बघितलं. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं खांदे उडवले. तिसरा म्हणाला, "तिथं तर पहिल्यापासून स्टीलचंच दुकान हाय की." शिवकन्यानं काकुळतीनं सांगितलं, "काका, जाऊ द्या ना आता. बसा, जेवून जा." मग एक पाहुणा शेजारच्याच्या कानाशी लागला, पण तातेरावाला ऐकू गेलं. तो म्हणत होता, हगवण म्हंजे, लागट तर न्हाई ना?

वसमतला परत जाताना तातेरावानं बसमध्ये दहा वेगवेगळी वाक्यं जुळवली. लोकांच्या माना खाली गेल्या. अमृतरावांनी कान धरले. सगळे म्हणाले, नासेर खरा माणूस. यातलं एक सांगितलं असतं तरी नासेर सुखानं झोपला असता, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नसतं. टपरीपाशी पोचला तेव्हा नासेर वाट बघत उभाच होता, हातातली शेगडी खाली ठेवून.

"काय म्हनले लोक?"

तातेरावानं तोंड उघडलं. ती दहाही वाक्यं जिभेवर होती. "त्यायला तू आठवत न्हाईस, नासेरभाई," तो म्हणाला. "त्यायला डेग बी आठवत न्हाई. ऊन लागलं व्हतं म्हनतात."

नासेरनं ते ऐकलं. रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांचा ट्रक गेला. मग त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग म्या सात वर्सं तोंड लपवलं, ते कुनापासून?"

तातेराव टपरीच्या फळीवर नासेरच्या शेजारी बसला आणि हिंगोलीची बस निघून गेली तरी उठला नाही.